रेवदंडा–चौल : शोधखेळ आणि विणकामाचा पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

१. विषयप्रवेश

आपल्या जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील शाळांत इतिहास शिकविताना एक गोष्ट वारंवार आढळते. विद्यार्थी राज्याभिषेकाचे वर्ष बिनचूक सांगतो; परंतु ज्या तटाच्या सावलीतून तो रोज शाळेस येतो तो तट कोणी बांधला, असे विचारताच गप्प राहतो. इतिहास म्हणजे पुस्तकातील आणि दूरच्या राजधानीतील हकीकत, आणि आपल्या गावात आहेत ती केवळ पडकी भिंताडे, अशी त्याची समजूत झालेली असते.

ह्या समजुतीचा परिणाम परीक्षेपुरताच राहत नाही. ज्यास भिंत म्हणजे नुसता दगड वाटतो, तो मोठेपणी तिचा एखादा चिरा गोठ्याच्या पायासाठी नेण्यास कचरत नाही. ज्याने जुन्या किल्ल्यांसंबंधी पुरलेल्या धनाच्याच गोष्टी ऐकल्या आहेत, तो एखाद्या रात्री कुदळ घेऊन तेथे जातो. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या शहरांचे रक्षण पहारेकऱ्याने जेवढे होईल त्याहून अधिक ते शेजारच्या शाळेतील मुलांनी होणार आहे. म्हणून हा पाठ महत्त्वाचा.

प्रस्तुत पाठात दोन भाग आहेत. सकाळी रेवदंडा व चौल येथे शोधखेळ, आणि दुपारी शाळेच्या पडवीत विणकाम. वरवर पाहता ही दोन निरनिराळी कामे दिसतात. परंतु जे शहर डोळ्यांनी पाहिले ते कशावर जगत होते हे हातांना कळल्याशिवाय पाहणे पुरे होत नाही. ही जोड साधणे हेच पाठाचे उद्दिष्ट होय.

२. शिक्षकासाठी माहिती

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरांवर कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा आहे. त्याला लागून उत्तरेस चौल. आज ही दोन नारळी-पोफळींच्या वाड्यांची शांत गावे आहेत. पूर्वी मात्र हे एकच मोठे बंदर होते व त्याचे नाव दूरदूरच्या देशांत ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात, म्हणजे 'पेरिप्लस' ह्या ग्रंथात, ते 'सेमुल्ल' अशा नावाने येते. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी ह्यानेही त्याचा निर्देश केला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ह्याच गावाचे नाव 'चेमुल' असे कोरलेले आढळते. अरब प्रवासी अल्-मसूदी हा सन ९१६ च्या सुमारास येथे आला. त्याच्या लेखनात ते 'सैमूर' होते. चेमुल, सैमूर आणि चौल ही नावे फळ्यावर एकाखाली एक लिहिली तर मुले त्यांतील साम्य आपण होऊन ओळखतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील अभ्यासकांनी चौल येथे उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष सापडले. ग्रंथांतील नावाला अशा रीतीने जमिनीची साक्ष मिळाली.

पंधराव्या शतकात, सन १४६९ च्या सुमारास, रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफानासी निकितिन हा समुद्रमार्गे चौलास उतरला. विकण्यासाठी त्याने बरोबर एक घोडा आणला होता. येथून तो घाट चढून जुन्नरास गेला. तेथील खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला व पुढे तो त्यास परत मिळाला. त्याने लिहून ठेवलेली हकीकत आज उपलब्ध आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. म्हणजे हा रशियन व्यापारी त्याच्याही सुमारे तीस वर्षे आधी आपल्या किनाऱ्यावर आला होता.

सन १५०८ मध्ये ह्याच खाडीत इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांशी पोर्तुगीजांची लढाई झाली व पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. पुढे १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी कोट बांधण्यास आरंभ केला. तेव्हापासून वरचे चौल निजामशाहीचे व खालचे चौल, म्हणजेच रेवदंडा, पोर्तुगीजांचे अशी विभागणी झाली. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने व १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत मराठ्यांनी ह्या कोटास वेढा दिला; परंतु तो पडला नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर मात्र पोर्तुगीजांचे उत्तर कोकणातील बळ संपले व १७४० च्या तहान्वये रेवदंडा व समोरील कोर्लई ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली.

एवढी माहिती शिक्षकाजवळ असावी; ती विद्यार्थ्यांस आधीच सांगून टाकू नये. आधीच सांगितलेली गोष्ट शोधण्यात कोणास गोडी वाटत नाही.

३. पूर्वतयारी : काळदोरी

सहलीच्या दोन दिवस आधी वर्गात काळदोरी तयार करावी. काथ्याचे सुंभ आपल्या गावांत मिळतेच. एक वीत म्हणजे शंभर वर्षे असे प्रमाण धरून २१ विती लांबीचे सुंभ घ्यावे व प्रत्येक वितीवर गाठ मारावी. पहिली वीत पहिल्या शतकाची, शेवटची आजची. विद्यार्थ्यांनी आपला जन्म, आजोबांचा जन्म, देशाचे स्वातंत्र्य व शिवराज्याभिषेक (१६७४) ह्यांच्या जागी रंगीत चिंध्या बांधाव्या. आजोबांचा जन्म अगदी शेवटच्या वितीजवळ येतो व सुंभाचा केवढा तरी भाग मोकळा राहतो, हे पाहून मुले चकित होतात. तो मोकळा भाग आपण चौलला जाऊन भरावयाचा आहे, एवढेच सांगून दोरी गुंडाळून ठेवावी.

त्याच वेळी एक शब्द नीट समजावून द्यावा. ह्या खेळात 'खजिना' शोधावयाचा आहे. परंतु तो मातीखाली नाही. कोठेही उकरावयाचे नाही, दगड हलवावयाचा नाही, भिंतीवर नाव लिहावयाचे नाही आणि तेथील कोणतीही वस्तू, मग ती खापराचा तुकडा का असेना, घरी आणावयाची नाही. संरक्षित वास्तूस इजा करणे हा १९५८ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि जमिनीत धन सापडल्यास ते सरकारास कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे. पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा कारण सांगणे अधिक चांगले. खापराचा तुकडा जागच्या जागी असेपर्यंत तो अभ्यासकाशी बोलतो. एकदा तो खिशात गेला की मुका होतो.

पालकांची लेखी संमती, ग्रामपंचायतीस पूर्वसूचना, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी ही सिद्धता नेहमीप्रमाणे करावी. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी. पडक्या भिंतींवर व मनोऱ्यावर कोणी चढू नये, आणि विहिरीजवळ व पुष्करणीजवळ शिक्षकावाचून कोणी जाऊ नये, हा नियम कडकपणे पाळावा. पावसाळ्यात हा पाठ घेऊ नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

४. शोधखेळ

वर्गाचे पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावे. प्रत्येक गटात एक चिठ्ठी वाचणारा, एक टिपणे लिहिणारा, एक मोजमाप घेणारा, एक चित्र काढणारा व एक वाट सांभाळणारा असावा. मंद समजले जाणारे मूल पुष्कळदा चित्र काढण्यात किंवा मापे घेण्यात सर्वांच्या पुढे असते. कामे वाटताना हे ध्यानात ठेवावे.

चिठ्ठ्या भिंतींच्या फटींत लपवू नयेत. प्रत्येक ठिकाणी एक शिक्षक किंवा पालक उभा राहील व गटाने वहीत उत्तर लिहिल्यावरच पुढील चिठ्ठी देईल. प्रत्येक गटाचा आरंभ निराळ्या ठिकाणापासून करावा, म्हणजे गर्दी होत नाही. प्रथम कोण पोहोचले ह्यास गुण नाहीत. अधिक बारकाईने कोणी पाहिले ह्यास आहेत. शर्यत लागली की डोळे मिटतात व पाय पळतात. खालील सहा चिठ्ठ्या नमुन्यादाखल दिल्या आहेत.

पहिली चिठ्ठी : "गाव माझ्या पोटात आहे, पण मला गावाने बांधले नाही." – हा रेवदंड्याचा तट. आजचे गाव तटाच्या आत वसले आहे. काम : तटाची जाडी पावलांनी मोजा. दगड एकाच जातीचा आहे की निरनिराळ्या? दरवाज्यावर एखादी कोरीव खूण दिसली तर तिचे चित्र काढा.

दुसरी चिठ्ठी : "माझ्या नावात सात आहेत, अंगावर किती उरले ते मोजा." – हा सातखणी मनोरा. पोर्तुगीज काळातील मठ व प्रार्थनामंदिराचा तो भाग होता. काम : मजले मोजा. नंतर सावलीवरून उंची काढा. एक मीटर काठीची सावली व मनोऱ्याची सावली एकाच वेळी मोजून त्रैराशिक मांडावे. सहावी-सातवीच्या गणितास ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

तिसरी चिठ्ठी : "नदी येथे समुद्राला भेटते, त्या भेटीवर दोन पहारेकरी आहेत." – हे खाडीचे मुख. येथून पलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो. काम : दोन्ही किल्ले व खाडी दाखविणारा नकाशा काढा. एकाच मुखावर दोन किल्ले का असावेत, हे गटाने आपसांत बोलून लिहावे.

चौथी चिठ्ठी : "मी घोडा विकायला आलो, घोड्यापेक्षा माझी वही अधिक टिकली." – हा अफानासी निकितिन. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारले आहे. काम : स्मारकावरील मजकूर कोणकोणत्या लिप्यांत आहे ते पाहा. नकाशाच्या पुस्तकात त्वेर कोठे आहे हे शाळेत आल्यावर शोधा.

पाचवी चिठ्ठी : "त्यांचा घाणा शनिवारी फिरत नसे." – हे बेने इस्राएल समाजाचे लोक. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज येथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी विश्रांती घेत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात गेली. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनास्थान आहे. काम : व्यवस्थापकांची परवानगी आधी घेतली असेल तरच आत जावे, एरव्ही बाहेरूनच पाहावे, व ज्यांचा सण, पेहराव, खाणे आपल्यासारखे होते पण प्रार्थनेची भाषा निराळी होती असे शेजारी गावात कोणाला आठवतात का, हे एखाद्या वृद्धास नम्रपणे विचारावे.

सहावी चिठ्ठी : "देवाच्या दारात पाणी, उतरावे तितके थंड." – ही चौलच्या रामेश्वर मंदिरासमोरील पुष्करणी. काम : पायऱ्या मोजा. चौलात ३६० मंदिरे व ३६० तळी होती असे लोक सांगतात. ही संख्या मोजून आली असेल की बोलण्याच्या ओघात, ह्याविषयी मुलांना आपले मत मांडू द्यावे. ऐकीव गोष्ट व पाहिलेली गोष्ट ह्यांतील भेद येथे सहज शिकविता येतो.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. कुंडलिकेपलीकडील कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या सहवासातून घडलेली एक बोली आजही बोलतात. ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. पोर्तुगीजांचे राज्य १७४० मध्ये गेले, तट ढासळले, पण ती बोली आईच्या तोंडून मुलाच्या तोंडी येत राहिली. आपल्या वर्गात त्या गावचा विद्यार्थी असल्यास त्यास दहा शब्द फळ्यावर लिहिण्यास सांगावे. घरच्या बोलीस हसणारा वर्ग आणि घरच्या बोलीचे दहा शब्द मानाने लिहून घेणारा वर्ग, ह्यांतील अंतर शिक्षकाच्या एका वाक्याने पडते.

सहा चिठ्ठ्या पूर्ण झाल्यावर प्रत्येक गटास एक लहान पोतडी द्यावी. हाच खजिना. आत सोने नाही. सुताच्या गुंड्या आहेत. मुलांची क्षणभर निराशा होईल. ती होऊ द्यावी. दुपारचा पाठ तेथूनच सुरू होतो.

५. विणकाम

जेवणानंतर शिक्षकाने विचारावे, "एवढी जहाजे येथे कशासाठी येत होती?" घोडे, मसाले, सुपारी अशी उत्तरे येतील. मग सांगावे की सोळाव्या-सतराव्या शतकांत येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी चौलच्या रेशमी व सुती कापडाची वाखाणणी केली आहे. मनोरा व तट आपण पाहिले. परंतु ज्या मागांच्या उत्पन्नावर हे बंदर भरभराटले, त्यांतील एकही आपणांस दिसला नाही. दगड उरतो, लाकडी माग उरत नाही. जे उरले नाही ते आता आपण हातांनी समजून घेऊ.

साहित्य : प्रत्येक विद्यार्थ्यास २० सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद जाड पुठ्ठा, दोन रंगांचे जाड सूत, बोथट सुई किंवा टोकाशी भोक पाडलेली बांबूची पातळ काडी, आणि दोघांत मिळून एक जुना कंगवा.

कृती : पुठ्ठ्याच्या दोन्ही आखूड कडांवर एक-एक सेंटिमीटर अंतराने १३ खाचा पाडाव्या. एका रंगाचे सूत पहिल्या खाचेत अडकवून समोरच्या खाचेत न्यावे, दात्याभोवती वळवून परत आणावे, व असे तेराही खाचांतून ओढावे. हा ताणा. तो ढिला नको व पुठ्ठा वाकेल इतका ताठही नको. ह्यास प्रत्येकी सुमारे ३ मीटर सूत लागते. ३० विद्यार्थ्यांच्या वर्गास किती, हे मुलांनीच काढावे. नंतर दुसऱ्या रंगाचे सूत सुईत ओवून ताण्याच्या एका धाग्यावरून, पुढच्याखालून, असे शेवटपर्यंत न्यावे. हा बाणा. परतताना उलट करावयाचे. जेथे वरून गेलो तेथे खालून. प्रत्येक ओळ कंगव्याने खाली दाबून घट्ट करावी.

एक अडचण बहुतेकांना येते. बाणा ओढून घेण्याच्या हौसेने कडा आत येतात व पट्टी मध्ये बारीक होते. म्हणून बाणा सरळ न ओढता तो प्रथम कमानीसारखा सैल ठेवावा व मग कंगव्याने दाबावा. हे तोंडाने सांगून समजत नाही. शिक्षकाने प्रथम स्वतः एक पट्टी विणून पाहिलेली असावी.

तासाभराने हात थांबवावेत व प्रत्येकाने आपली पट्टी मोजावी. साधारणतः चार सेंटिमीटर काम होते. आता हिशेब मांडावा. पट्टी १२ सेंटिमीटर रुंद आहे. साडीची लांबी ५ मीटर धरली तर एका पट्टीस १२५ तास लागतील. पन्हा १२० सेंटिमीटर धरला तर अशा दहा पट्ट्या, म्हणजे १,२५० तास. रोज पाच तास बसले तरी २५० दिवस. वर्गात शांतता पसरते. त्या शांततेत विचारावे, "मग विणकर काय करीत असेल?" ताण्याचे धागे एकदम वर उचलणारी योजना, बाणा झटकन पलीकडे नेणारा धोटा, ओळ ठोकणारी फणी ही साधने माणसाने का शोधली, हे मुलांना आता सांगावे लागत नाही, त्यांच्या दुखऱ्या बोटांना ते ठाऊक झालेले असते.

६. समारोपाची चर्चा

ह्यानंतर शेवटचा प्रश्न घ्यावा : "एवढे मोठे शहर लहान कसे झाले?" विद्यार्थी 'लढाई' असे उत्तर देतील. परंतु १६८३ च्या वेढ्याने शहर मेले नाही. सन १६६१ च्या विवाह-कराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीस मिळाली. तेथे खोल पाण्याचे बंदर होते व कंपनी कारागिरांस आश्रय देत होती. त्याच शतकात चौलचे विणकर मुंबईस जाऊन वसले. व्यापारी मागाच्या मागे गेला, जहाज व्यापाऱ्याच्या मागे. तोफेने जे झाले नाही ते कारागिरांच्या स्थलांतराने झाले. आपल्या गावातूनही माणसे मुंबईस जातात. ती का जातात, व गेल्यावर गावात काय उरते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना परका नाही. अनेकांचे वडील किंवा भाऊ तेथे कामास आहेत. त्यांना बोलू द्यावे. शिक्षकाने निष्कर्ष सांगण्याची घाई करू नये.

शेवटी काळदोरी पुन्हा उलगडावी. पहिल्या वितीवर ग्रीक प्रवासवृत्त, दहाव्यावर अल्-मसूदी, पंधराव्यावर निकितिन, सोळाव्यावर पोर्तुगीज कोट, सतराव्यावर विणकरांचे प्रयाण, अठराव्यावर १७४० चा तह अशा चिंध्या बांधाव्या. विणलेल्या पट्ट्यांचेच तुकडे चिंध्या म्हणून वापरले तर अधिक चांगले. ही दोरी वर्गाच्या भिंतीवर वर्षभर राहावी.

७. मूल्यमापन

पाठानंतर आठवड्याने पुढील प्रश्न विचारावेत. (१) चौलची तीन जुनी नावे सांगा. (२) सातखणी मनोऱ्याची तुमच्या गटाने काढलेली उंची दुसऱ्या गटाहून निराळी का आली? (३) ताणा व बाणा ह्यांतील भेद चित्र काढून दाखवा. (४) किल्ल्यात खापराचा तुकडा दिसला तर काय कराल व का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेले आहे की पटलेले, हे शिक्षकास लगेच कळते. खरे मूल्यमापन तेच.

८. इतर गावांतील शिक्षकांसाठी

प्रत्येक शाळेस रेवदंड्यास जाणे जमेल असे नाही. त्याची आवश्यकताही नाही. अलिबागेत कुलाबा किल्ला व हिराकोट आहेत, मुरुडजवळ जंजिरा आहे, महाडास चवदार तळे आहे, पेणेत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. जेथे माती आहे तेथे मातीकाम, जेथे काथ्या आहे तेथे दोर वळणे, जेथे सुतार आहे तेथे होडीची प्रतिकृती असे हस्तव्यवसाय निवडावे. नियम एकच ठेवावा : दुपारी हाताने जे करावयाचे ते सकाळी पाहिलेल्या गावाचे खरे काम असले पाहिजे. रंगीत कागदाची फुले कोठेही करता येतात. त्यांनी चौल समजत नाही.

हा पाठ घेतल्यावर शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या चिठ्ठ्या, विद्यार्थ्यांची उत्तरे व विणलेले नमुने केंद्र शाळेच्या सभेत अवश्य मांडावेत. एका शाळेने रचलेले कोडे दुसऱ्या शाळेस उपयोगी पडते, आणि अशा रीतीने आपल्या किनाऱ्याचा इतिहास त्याच किनाऱ्यावरील मुलांच्या हातून लिहिला जाऊ लागतो.